रकान्यांत न मावणारी विमानं

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान लढाईच्या त्या चार दिवसांत, आणि नंतरही कित्येक आठवडे, घराघरांतल्या फोनवर एक तक्ता फिरत होता. डाव्या रकान्यात राफेल, उजव्या रकान्यात चिनी बनावटीचं जे-१०सी. खाली एकेक ओळ: कमाल वेग, पल्ला, वजन, किती टन शस्त्रं उचलतं, किती उंची गाठतं. मग दावे आले, प्रतिदावे आले. संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये आपली काही विमानं पडल्याचं मान्य केलं, संख्या मात्र सांगितली नाही. किती पडली यापेक्षा का पडली हे महत्त्वाचं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ऑगस्टमध्ये हवाई दलप्रमुखांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडल्याचं जाहीर केलं. पाकिस्तानने स्वतःचे आकडे धरून ठेवले. आकड्यांचा हा वाद या पुस्तकाचा विषय नाही. जनरल चौहानांनी विचारलेला ‘का’ हा मात्र पुस्तकाचा गाभा आहे, आणि त्या फिरत्या तक्त्यात त्याचं उत्तर कुठेही नव्हतं.

तक्त्यात काय नव्हतं ते पाहा. ६ मेच्या रात्री आपण फक्त दहशतवाद्यांचे तळ लक्ष्य केले, लष्करी ठिकाणांना हात लावला नाही, असं भारत सरकारने दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे आपली विमानं निघाली तेव्हा समोरची रडारं शाबूत होती, क्षेपणास्त्रं शाबूत होती आणि सगळी यंत्रणा जागी होती. पाकिस्तानी विमानांच्या पंखाखाली चिनी पीएल-१५ क्षेपणास्त्रं होती. त्यांपैकी एकाचे अवशेष पंजाबात होशियारपूर जिल्ह्यात सापडले. पाकिस्तानच्या ताफ्यात स्वीडिश बनावटीचं एरीआय रडार वाहणारी टेहळणी विमानंही आहेत. लढाऊ विमानाने स्वतःचं रडार बंद ठेवून अशा विमानाकडून माहिती घेतली तर त्याचा स्वतःचा वेग आणि त्याची स्वतःची रडारक्षमता या दोन्ही ओळी दुय्यम ठरतात. कोणाला काय करायची मुभा होती, पंखाखाली काय लटकलं होतं, आधी कोणी पाहिलं आणि कोणी कोणाला सांगितलं, यांवर अशा रात्री निकाल ठरतात.

म्हणून या पुस्तकात मी एक शिस्त पाळली आहे. लढाऊ विमानाच्या प्रत्येक आकड्याला एक अट चिकटलेली असते. किती उंचीवर, किती वजनाने, किती इंधन उरलेलं असताना, पंखाखाली काय घेऊन. अट गाळली की आकडा खोटा ठरत नाही, पण त्याच्यावरून कसलाच निष्कर्ष काढता येत नाही. तुलना करायची ती अटींसकट, असं माझं ठाम मत आहे, आणि पुढची सगळी प्रकरणं त्याच मताने लिहिली आहेत.

सगळ्यांत सोपं उदाहरण कमाल वेगाचं. अमेरिकेचं एफ-१५ ध्वनीच्या अडीचपट वेगाने जाऊ शकतं. हा आकडा मोकळ्या पंखांचा, खूप उंचीवरचा आणि आफ्टरबर्नर पेटवून गाठलेला आहे. आफ्टरबर्नरमध्ये इंधन इतक्या झपाट्याने जळतं की तो वेग काही मिनिटांपलीकडे टिकवता येत नाही. क्षेपणास्त्रं आणि इंधनाच्या टाक्या लटकवल्या की तो गाठताही येत नाही. व्हिएतनामच्या आकाशात ध्वनीच्या दुप्पट वेगाची विमानं एकमेकांना भिडली, पण लढती झाल्या त्या ध्वनीच्या वेगाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेगात, कारण वळायचं असेल तर वेग सोडावाच लागतो. पल्ल्याचंही तसंच. सुखोई-३० एमकेआय पोटातच साडेनऊ टनांहून जास्त इंधन घेऊन उडतं, त्यामुळे त्याला बाहेर टाक्या लावाव्या लागत नाहीत. तेजसला लांब जायचं तर लावाव्या लागतात. टाकी लावली की ती जागा शस्त्राला उरत नाही, आणि टाकीमुळे हवेचा अवरोध वाढतो तो वेगळाच. तेजसचा सर्वांत लांब पल्ला आणि सर्वांत जास्त शस्त्रभार हे दोन्ही आकडे खरे आहेत. एकाच उड्डाणात ते एकत्र येत नाहीत.

भारतीय वाचकासाठी अटींमधली सगळ्यांत मोठी अट उंचीची आहे. १२६ विमानांच्या खरेदीसाठी हवाई दलाने २००७ मध्ये प्रस्ताव मागवले तेव्हा सहा विमानं स्पर्धेत उतरली: एफ-१६, सुपर हॉर्नेट, मिग-३५, ग्रिपेन, युरोफायटर टायफून आणि राफेल. एका टोकाला एका इंजिनाचं हलकं ग्रिपेन, दुसऱ्या टोकाला तीस टनांच्या घरातलं सुपर हॉर्नेट. ही विमानं कागदावर एका रांगेत मांडणंच अवघड होतं. हवाई दलाने ती बंगळूरुच्या दमट हवेत उडवली, जैसलमेरच्या उन्हात उडवली आणि लेहला नेली. सहाशेहून अधिक मुद्द्यांवर त्यांची कसोटी घेतली. एप्रिल २०११ मध्ये टायफून आणि राफेल ही दोनच शिल्लक राहिली. जगात लढाऊ विमानांची इतकी सविस्तर, इतक्या वेगवेगळ्या हवामानांतली तुलना फार थोड्या वेळा झाली आहे, आणि ती आपल्या लोकांनी केली याचा मला अभिमान वाटतो.

लेह का, हे समजून घेण्यासाठी थोडं गणित करावं लागेल. लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेची घनता समुद्रकाठच्या हवेच्या साधारण ७२ टक्के; उन्हाळ्यातल्या दुपारी त्याहूनही कमी. पंखांनी तेवढंच वजन उचलायचं तर विमानाला सुमारे १८ टक्के जास्त वेग गाठावा लागतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तेवढ्यासाठी सुमारे ३९ टक्के जास्त ऊर्जा हवी. ती द्यायची कोणी? त्याच विरळ हवेवर चालणाऱ्या इंजिनाने, ज्याचं बल घनतेबरोबर घटलेलं असतं. दोन्हींचा परिणाम एकत्र धरला की धावपट्टीवरची धाव जवळपास दुप्पट होते. धावपट्टी वाढवता येत नाही, हवा दाट करता येत नाही. हातात उरतं ते वजन कमी करणं, म्हणजे इंधन कमी घेणं किंवा शस्त्रं कमी घेणं. उतरतानाही विमान जास्त वेगाने टेकतं आणि सगळा भार टायर-ब्रेकवर येतो.

आता हेच गणित हिमालयाच्या पलीकडे नेऊन पाहा. तिबेटमधला नगरी-गुन्सा विमानतळ ४,२७० मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेची घनता समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहूनही खाली जाते. चीनचं एखादं उत्तम लढाऊ विमान तिथून उडालं तर ते अर्ध्या पोटी उडतं: इंधन भरलं तर शस्त्रं कमी, शस्त्रं भरली तर इंधन कमी. आपली राफेल विमानं हाशिमाऱ्याहून उडतात. तो तळ बंगालच्या मैदानात, समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवर. तिथून विमान भरल्या टाक्यांनी आणि भरल्या पंखांनी उडतं. चीनच्या विमानांना हवेत इंधन भरणारी टँकर विमानं मागे उभी करून हा तोटा भरून काढता येतो, पण मग टँकर सांभाळण्याचं काम वाढतं. चिनी जे-२० आणि राफेल यांच्या तक्त्यात हाशिमारा आणि नगरी-गुन्सा ही नावं नसतील, तर तो तक्ता आपल्या काही कामाचा नाही.

अटींसकट तुलना करण्याचं शास्त्र जन्माला आलं ते कोरियाच्या युद्धानंतर. तिथे अमेरिकेचं एफ-८६ सेबर आणि सोव्हिएत मिग-१५ समोरासमोर आली. मिग जास्त उंच जायचं, जास्त लवकर चढायचं, त्याच्या तोफा जास्त मोठ्या होत्या. कागदावर तेच सरस. तरीही सेबरच्या वैमानिकांनी ७९२ मिग पाडल्याचा आणि ७८ सेबर गमावल्याचा हिशोब अमेरिकेने मांडला. रशियन कागदपत्रं खुली झाल्यावर हे गुणोत्तर बरंच खाली आलं, तरी सेबर टिकून राहिलं हे खरंच. का? कोरियात सेबर उडवलेल्या जॉन बॉइडला हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. सेबरची काचेची छत्री बुडबुड्यासारखी होती, त्यामुळे वैमानिकाला मागचंही दिसायचं. त्याची नियंत्रणं हायड्रॉलिक होती, त्यामुळे एका वळणातून दुसऱ्या वळणात ते पटकन जायचं.

साठच्या दशकात अमेरिकेतल्या एग्लिन तळावर बॉइडने गणितज्ञ थॉमस ख्रिस्टी यांच्यासोबत या सगळ्याला एक सूत्र दिलं. इंजिनाच्या बलातून हवेचा अवरोध वजा करा, उरेल त्याला वेगाने गुणा आणि वजनाने भागा. जे येतं ते त्या क्षणी विमानाकडे उरलेलं जादा सामर्थ्य: चढायला, वेग घ्यायला किंवा वळण टिकवायला. हे उत्तर प्रत्येक उंचीला, प्रत्येक वेगाला आणि वळणाच्या प्रत्येक तीव्रतेला वेगळं येतं. म्हणून एका विमानाचा एक आकडा मिळत नाही. मिळतो तो नकाशा. दोन विमानांचे नकाशे एकावर एक ठेवले की कुठल्या भागात कोण सरस ते दिसतं. सोव्हिएत विमानं नकाशाच्या मोठ्या भागात अमेरिकी विमानांपेक्षा सरस निघाली, आणि त्या धक्क्यातून एफ-१५ आणि एफ-१६ यांची आखणी झाली. मिराज-२००० सारखं त्रिकोणी पंखांचं विमान एकाएकी तीव्र वळण घेतं, पण त्या वळणात वेग घालवून बसतं. एफ-१६ वळण जास्त वेळ टिकवतं. ‘जास्त चपळ कोण’ याचं उत्तर पहिल्या पाच सेकंदांत वेगळं आणि पुढच्या तीस सेकंदांत वेगळं.

रडार आणि क्षेपणास्त्रांच्या काळात अटी आणखी कडक झाल्या. रडारची लहर लक्ष्यापर्यंत जाते, आपटून परत येते आणि दोन्ही वाटांवर पसरत विरळ होते. त्यामुळे दिसण्याचं अंतर परावर्तनाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतं. विमानाचं परावर्तन सोळापट कमी केलं तर ते फक्त निम्म्या अंतरावरून दिसू लागतं. अंतर दहाव्या हिश्शावर आणायचं तर परावर्तन दहा हजारपट घटवावं लागतं. एफ-२२ किंवा एफ-३५ चा प्रत्येक कोपरा, प्रत्येक फट, इंजिनाकडे जाणारी प्रत्येक वाट इतक्या कष्टाने का घडवली आहे ते यावरून कळेल. पण हे घडवणं ठरावीक लहरींसाठी असतं. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात अमेरिकेचं एफ-११७ पडलं ते जुन्या सोव्हिएत एस-१२५ क्षेपणास्त्राने. सर्बियन तुकडीकडे लांब लहरींचं जुनं रडार होतं, आणि विमानांचे मार्ग रोजचे झाले होते. ‘स्टेल्थ’ हा शब्द ‘अदृश्य’ या अर्थाने वापरणाऱ्यांनी ही रात्र विसरू नये.

क्षेपणास्त्राचा छापील पल्ला हाही असाच फसवा. बारा किलोमीटर उंचीवरून, ध्वनीपेक्षा जास्त वेगाने जाणाऱ्या विमानाने, समोरून येणाऱ्या लक्ष्यावर सोडलं तर तो पल्ला मिळतो. तेच क्षेपणास्त्र खालून, कमी वेगात सोडा, किंवा लक्ष्याने पाठ फिरवून पळ काढला असं धरा. पल्ला छापील आकड्याच्या एका अंशावर येतो. साध्या क्षेपणास्त्राची मोटर काही सेकंद जळते, पुढचा प्रवास ते साठवलेल्या वेगावर करतं आणि शेवटी वळायला त्याच्यात जीव उरत नाही. राफेलवरच्या मिटिऑरची किंमत इथे कळते. त्याचं रॅमजेट इंजिन हवा घेत राहतं आणि लक्ष्याजवळ पोचेपर्यंत जोर राखून ठेवतं. ज्या अंतराच्या आत लक्ष्याला पळून जाणं शक्य नसतं, ते अंतर त्यामुळे बरंच वाढतं. तुलना करायची तर त्या अंतराची करावी.

माणसाचं काय, असा प्रश्न माझ्या मनात लिहिताना सतत होता. व्हिएतनाममध्ये अमेरिकी नौदलाच्या एफ-४ फँटमना सुरुवातीच्या काळात एका विमानाच्या बदल्यात शत्रूची दोन-तीनच विमानं पाडता येत होती. फँटममध्ये तोफ नव्हती, क्षेपणास्त्रं वारंवार चुकत होती आणि वैमानिकांना जवळच्या लढतीचं शिक्षण जवळपास बंदच झालं होतं. १९६९ मध्ये नौदलाने टॉपगन ही शाळा काढली. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात गुणोत्तर एकास बाराच्या आसपास गेलं, तेही नौदलाच्या फँटममध्ये तोफ न बसवता. आपल्याकडे १९६५ मध्ये छोट्याशा नॅटने पाकिस्तानी सेबरना भारी पडून दाखवलं, आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों एकट्याने सहा सेबरना भिडले. नॅटच्या तोफा अडकायच्या, नियंत्रणं दगा द्यायची. हे माहीत असूनही ते उडाले. परमवीरचक्र मिळालेले हवाई दलातले ते एकमेव वैमानिक. अशा माणसांच्या हाती कोणतं यंत्र द्यायचं हे ठरवताना आपण तक्त्यातली एक ओळ पाहून निर्णय घेतला, तर तो त्यांच्याशी केलेला अन्याय होईल.

विमान तेच, पण त्याच्याखाली एक पेटी लावली की त्याचा अर्थ बदलतो, हे आपण कारगिलमध्ये पाहिलं. १९९९ च्या मे महिन्यात मिग-२१, मिग-२३ आणि मिग-२७ पाच हजार मीटरच्या शिखरांवर साधे बॉम्ब आणि रॉकेटं टाकत होती. त्या उंचीच्या विरळ हवेत बॉम्ब मैदानातल्यासारखे पडत नाहीत, आणि लक्ष्य म्हणजे बर्फातले चार-सहा दगडी आडोसे. मिराज-२००० ताफ्यात १९८५ पासून होतं. त्यावर इस्रायली लाइटनिंग पॉड घाईघाईने बसवला गेला, आणि २४ जूनला टायगर हिलवर लेझरने मार्ग दाखवलेले बॉम्ब थेट लक्ष्यावर पडले. मे आणि जून यांच्या दरम्यान मिराजचा वेग, पल्ला, वजन यांतलं काहीही बदललं नव्हतं.

सरावांतल्या निकालांबद्दल एक सावधगिरी. फेब्रुवारी २००४ मध्ये ग्वाल्हेरला झालेल्या ‘कोप इंडिया’ सरावात आपल्या सुखोई, मिराज आणि मिग-२१ बायसन विमानांनी अमेरिकी एफ-१५ ना हैराण केलं. आपल्या वैमानिकांची कल्पकता त्यात उघड दिसली, आणि अमेरिकनांनीही ती मान्य केली. पण अमेरिकी विमानं मुद्दाम कमी ठेवली होती आणि दूर पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर मर्यादा घातली होती. अमेरिकेत काहींनी हाच निकाल एफ-२२ च्या खरेदीसाठी पुरावा म्हणून पुढे केला. सरावाच्या अटी वाचल्याशिवाय सरावाचा निकाल वाचू नये.

पिढ्यांची भाषा, म्हणजे चौथी, साडेचौथी, पाचवी, या पुस्तकात कमी वापरली आहे. ती विकणाऱ्यांच्या सोयीची आहे. त्याऐवजी एका साध्या प्रश्नाला मी पूर्ण प्रकरण दिलं आहे: सकाळी उठल्यावर किती विमानं उडण्याच्या अवस्थेत असतात? अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये नोंदवलं की एफ-३५ च्या ताफ्यातली सुमारे ५५ टक्केच विमानं मोहिमेसाठी सज्ज होती. जगातलं सर्वांत प्रगत विमान, आणि कोणत्याही दिवशी जवळपास निम्मा ताफा हँगरमध्ये. उलट स्वीडनने ग्रिपेन आखतानाच ठरवलं होतं की ते महामार्गावरून उडेल, आणि एक तंत्रज्ञ व थोडे शिकाऊ सैनिक त्याला दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा सज्ज करतील. शंभर विमानांच्या देशाला कोणतं परवडेल आणि हजार विमानांच्या देशाला कोणतं, याची उत्तरं वेगळी आहेत.

आपल्यासाठी हा प्रश्न आज तातडीचा आहे. १९६३ मध्ये दाखल झालेलं मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडमध्ये निवृत्त झालं. मंजूर ४२ स्क्वाड्रनच्या जागी त्यानंतर २९ उरल्या. नाशिकजवळच्या ओझरचा विमान कारखाना साठच्या दशकात उभा राहिला तोच मिग-२१ साठी. पुढे तिथून सुखोई-३० एमकेआय बाहेर पडली; या प्रकारच्या विमानांची पहिली तुकडी त्याआधीच, सप्टेंबर २००२ मध्ये, पुण्यात लोहगावला दाखल झाली होती. पुण्या-नाशिकच्या कित्येक कुटुंबांच्या पोटापाण्याचा आणि अभिमानाचा हा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरहून तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. २०२१ मध्ये ८३ आणि २०२५ मध्ये आणखी ९७ अशी या विमानाची मागणी नोंदली आहे. अमेरिकी एफ-४०४ इंजिनं वेळेवर न आल्याने वेळापत्रक मागे पडलं. तेजसला राफेलशी किंवा जे-२० शी ताडून पाहणारे तक्ते रोज दिसतात. ते विमान मात्र घडवलं गेलं मिग-२१ ची जागा घ्यायला, हलकं, स्वस्त आणि संख्येने भरपूर. शेवटच्या प्रकरणात त्याची तुलना त्या कामाशीच केली आहे: वर्षाला किती विमानं बाहेर पडतात, त्यांत किती इंजिनं बसतात, आणि पश्चिम सीमेवरच्या तळावरून तीन क्षेपणास्त्रं आणि एक टाकी घेऊन उडालेलं तेजस किती वेळ आकाशात राहू शकतं.